तिसरा बिंदू

मिस्त्रींना वस्तीत कुणी नावाने हाक मारत नसे. दारं-खिडक्या काय, कुठलाही सुतार करून देईल, पण जिना करायचा तर मिस्त्रींनाच बोलवा, असं लोक म्हणत. त्यांच्या जिन्यावरून म्हातारी माणसंही खाली न बघता उतरायची, कारण पहिली पायरी जेवढी उंच, तेवढीच शेवटची. सूतभर फरक खपायचा नाही. एकदा एका दवाखान्याच्या जिन्यातली एकच पायरी पाव इंच चढी निघाली, तर मिस्त्रींनी अख्खा जिना उकलून पुन्हा बसवला होता आणि दोन दिवस घरात कुणाशी धड बोलले नव्हते.

अशा माणसाला एकुलती एक मुलगी, ती भिंगरी. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर. चालायला लागल्यापासून एका जागी ठरली नाही म्हणून आईने ठेवलेलं हे नाव घरीदारी चिकटलं ते चिकटलंच. बोलणंही तसंच, एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू. नववीत होती. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची, संध्याकाळी घरी यायची तेव्हा बापलेकीची काहीतरी हुज्जत चाललेलीच असायची.

त्या वर्षी रेषीय समीकरणांचा धडा सुरू झाला, त्या दिवशीही अशीच हुज्जत चालली होती. मिस्त्री पटाशीला धार लावत बसले होते आणि भिंगरी वही घेऊन शेजारी.

"बाबा, एक्स हा चल."

"चल? कुठे?"

"कुठे नाही हो! चल म्हणजे ज्याची किंमत बदलत राहते तो. आणि ज्याची बदलत नाही, तो स्थिर."

"म्हणजे तू चल, तुझी आई स्थिर."

"आणि तुम्ही सहगुणक," भिंगरी म्हणाली. "तो चलाच्या पुढ्यात ठाण मांडून बसतो आणि त्याचं सगळं दुप्पट-तिप्पट करून दाखवतो."

आतून आईच्या हसण्याचा आवाज आला. मिस्त्रीही हसले. त्यांची शाळा सातवीलाच सुटली होती, त्यामुळे पुढचं फारसं कळलं नाही, पण मुलगी सांगत होती तोपर्यंत पटाशीवरचा हात मात्र मुद्दाम सावकाश चालला. एका शब्दाला त्यांनी तिला थांबवलं.

"काय म्हणालीस? रेषेचा चढ?"

"हो. म्हणजे आडवं एवढं पुढे गेलं की उभं किती वर जायचं ते."

"अगं, मग हे तर माझंच काम! दहा इंच पुढे, सात इंच वर. जिना दुसरं काय असतो?"

"मग तुमच्या जिन्याचा चढ सात भागिले दहा," भिंगरीने टाळी मागितली. मिस्त्रींनी पटाशी खाली ठेवून टाळी दिली. तीस वर्षं आपण जे करत होतो त्याला पुस्तकात जागा आहे, हे ऐकून त्यांची छाती फुगली. दुसऱ्या दिवशी कामावर त्यांनी दोन-तीन जणांना ते सांगितलंही.

म्हणूनच महिन्याभराने चाचणीचा पेपर घरी आला तेव्हा त्यांना जास्त लागलं. आलेखाच्या प्रश्नाला दहापैकी दोन. समीकरण होतं, वाय बरोबर दोन एक्स अधिक एक. भिंगरीने एक्सच्या किमती घेतल्या होत्या शून्य, एक आणि दोन. वायच्या आल्या होत्या एक, तीन आणि पाच. इथवर सगळ्यावर बाईंची बरोबरची खूण. पुढे आलेख कागदावर मात्र तिन्ही बिंदू तीन दिशांना. पहिला एक घर डावीकडे, दुसरा दीड घर खाली, आणि तिसरा तर कुठल्या रेघांच्या फुलीवरही नव्हता, एका चौकोनाच्या पोटात नुसताच पडला होता. त्यांच्यामधून पट्टी ठेवून कशीबशी ओढलेली रेघ एकालाही शिवत नव्हती.

मिस्त्रींनी आपली पोलादी पट्टी आणली आणि ठेवून पाहिली. कागदाकडे बघता बघता त्यांचं डोकं तापत गेलं.

"हे काय आहे?"

"चुकलं."

"चुकलं ते दिसतंय. रेघांचा कागद छापून दिलाय, नुसतं मोजून ठिपका द्यायचा, तोही जमत नाही? तुझं लक्ष कुठे असतं?"

भिंगरी त्यांच्या खांद्यापलीकडे, भिंतीवरच्या खुंटीकडे बघत होती. हे तिचं अलीकडचं नवीन खूळ होतं. बोलायला लागलं की नजर भलतीकडे. मिस्त्रींना वाटायचं, पोरगी मोठी झाली, आता बापाचं बोलणं कानावरून घालवते. त्यांनी तिची हनुवटी धरली आणि तिचं तोंड सरळ आपल्यासमोर आणलं.

"माझ्याकडे बघून बोल."

तिने बघितलं. डोळे मोठे केले, बारीक केले, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मला ठिपका सापडत नाही, बाबा. मी जिथे बघते तिथून तो जातो."

"ठिपका जातो! तो काय पाखरू आहे?"

त्या रविवारी त्यांनी तिला उजेडात, दाराशी बसवलं आणि वीस आलेख काढायला लावले. आई म्हणाली, "अहो, राहू द्या. बसेल हात हळूहळू." मिस्त्री म्हणाले, हात असाच बसत नसतो, बसवावा लागतो. भिंगरी कागदाला नाक लावून, मान वाकडी करून एकेक घर बोटाने मोजत राहिली. दुपारपर्यंत अकरा झाले. मिस्त्रींनी एकेक करून पट्टी लावून पाहिली. अकरामध्ये एकाचेही तीन बिंदू एका रेषेत नव्हते. बारावा कागद तिच्या हाताखालून ओढून त्यांनी टरकन फाडला.

"निष्काळजी माणसाला माझ्याकडे जागा नाही," असं ते म्हणाले. खरं तर हे वाक्य ते कामावर म्हणायचे, लाकडं चुकीची कापणाऱ्या माणसांना. तोंडात बसलेलं होतं, ते घरी निघून गेलं.

भिंगरी रडली नाही. तिने फाटलेले दोन्ही तुकडे उचलले, हाताने चाचपून एकावर एक ठेवले आणि आत गेली.

पुढच्याच आठवड्यात गणिताच्या बाईंनी आईवडील दोघांना शाळेत बोलावून घेतलं. बाई उंच, हडकुळ्या, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी भिंगरीच्या सगळ्या वह्या टेबलावर मांडून ठेवल्या होत्या.

"मी तिची तक्रार करायला बोलावलं नाही," त्या आधीच म्हणाल्या. "हे बघा. तक्त्यातल्या किमती पहिल्यापासून शेवटपर्यंत बरोबर. कागदावर मात्र सगळे बिंदू चुकीचे. ज्याला गणित येत नाही ना, त्याचं उलट असतं. तो आधी किमती चुकतो आणि मग चुकलेला बिंदू छान नेमका मांडतो."

मिस्त्रींनी एक वही जवळ ओढली.

"दोन बिंदूंत रेषा ठरते," बाई सांगत होत्या. "तिसरा आपण घेतो तो पडताळ्यासाठी. तो रेषेवर पडला नाही की समजायचं, कुठेतरी काहीतरी बिघडलंय. मी महिनाभर तिचा तिसरा बिंदू बघतेय. मला वाटतं बिघाड गणितात नाही. फळ्यावरचं ती वाचत नाही, मी मोठ्याने बोलते तेवढंच उतरवते. तुम्ही तिचे डोळे दाखवून आणा."

आईने पदराने तोंड पुसलं. मिस्त्री म्हणाले, "चष्मा लागला असेल." आणि बाई "लागू दे, तेवढंच असू दे," असं म्हणाल्या, ते त्यांना विचित्र वाटलं.

आईच्या इस्पितळातच नंबर लागला. डोळ्यांत थेंब घालून बसवलं, दिवे मारले, यंत्राला हनुवटी टेकवायला लावली. शेवटी डॉक्टरांनी एक चौकोनी घरांचा कागद भिंगरीसमोर धरला, आलेखाच्या कागदासारखाच, मधोमध एक काळा ठिपका.

"मधला ठिपका दिसतो?"

"ठिपक्याकडे बघितलं तर नाही दिसत."

"आणि रेघा?"

"कडेच्या सरळ आहेत. मधल्या वाकतात, मग नसतातच."

मिस्त्री तिच्या मागे उभे होते. त्यांना कागदावरची एकूण एक रेघ सरळ दिसत होती.

डॉक्टर तरुण होत्या आणि घाईत नव्हत्या. भिंगरीला बाहेर पाठवून त्यांनी समजावून सांगितलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे. पूर्ण अंधार होणार नाही, कडेचं दिसत राहील, ती एकटी चालू-फिरू शकेल. पण ज्याच्याकडे नजर रोखून बघावं, नेमकं तेच नाहीसं होणार. अक्षर, सुईचं नेढं, माणसाचा चेहरा.

"कुठला चष्मा लागेल?" मिस्त्रींनी विचारलं.

"चष्म्याने हे होत नाही."

"मग ऑपरेशन?"

"आज तरी याच्यावर इलाज नाही." डॉक्टरांनी तो चौकोनी घरांचा कागद बाजूला ठेवला. "मधलं दिसत नाही म्हणूनच ती तिरकं बघते. सरळ बघितलं तर तुम्ही दिसत नाही. जरा बाजूला बघितलं की कडेच्या नजरेत तुम्ही येता. तिचं तिनेच शोधून काढलंय ते. हुशार आहे."

"आम्ही उशीर केला का?" मिस्त्रींचा आवाज त्यांनाच परका वाटला. "आधी आणली असती तर..."

"दोन वर्षांपूर्वी आणली असतीत तरी मी हेच सांगितलं असतं."

डॉक्टरांनी हे धीर द्यायला सांगितलं होतं, पण मिस्त्रींना त्याचा काही उपयोग झाला नाही. घरी येताना ते मायलेकींच्या दहा पावलं मागे चालत होते. पुढे भिंगरी आईला सांगत होती, थेंबांमुळे सगळे दिवे कसे फुलासारखे दिसताहेत ते. आई हुं हुं करत होती. मिस्त्रींच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. हनुवटी धरून त्यांनी तिचं तोंड समोर वळवलं होतं, त्या क्षणी तिला बाप दिसेनासा झाला होता. आणि ते तिला म्हणत होते, माझ्याकडे बघ.

चार दिवस ते कामावर गेले नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी चांगल्यातलं जाड प्लाय काढलं, दोन फूट बाय दोन फूट कापलं आणि काटकोनाचा गुण्या लावून एकेक इंचावर रेघा आखायला सुरुवात केली. आखणी होऊन दोन आडव्या-उभ्या पट्ट्या मधोमध ठोकल्या आणि ते फळी काखेत मारून शाळेत गेले.

"बाई, प्रत्येक फुलीवर एक भोक पाडतो. भोकात खुंटी बसेल. खुंटीला दोरा गुंडाळला की रेघ. हाताला लागेल तिच्या. मला फक्त सांगा, यात कुठे काय असतं ते."

बाईंनी फळीवरून हात फिरवला. 

"या मधल्या पट्ट्या म्हणजे अक्ष ना? मग या काढाव्या लागतील. बिंदू अक्षावरही असतात. वाय शून्य असला की बिंदू एक्स अक्षावर पडतो. तुम्ही तिथे लाकूड ठोकलंत तर तिची खुंटी बसणार कुठे?"

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. मग त्या दोघांनी बसून तोड काढली. पट्टी ठोकायच्या ऐवजी अक्षाच्या जागी पटाशीने खाच काढायची, आणि भोकं त्या खाचेतच पाडायची. बोट घरंगळलं की अक्ष आला हे कळेल. जिथे दोन्ही खाचा एकमेकींना छेदतात तिथे पितळी कडी. तो आरंभबिंदू.

त्यानंतर पंधरा दिवस, शाळा सुटल्यावर अर्धा तास, मिस्त्री नववीच्या रिकाम्या वर्गात पहिल्या बाकावर बसून शिकले. गुडघे बाकात मावायचे नाहीत म्हणून तिरके बसायचे. निर्देशक म्हणजे बिंदूचा पत्ता, आधी एक्सचा, मग वायचा, उलटा सांगितला तर भलत्याच घरी जाल. दोन अक्षांनी कागदाचे चार भाग होतात, ते चरण.

"चरण म्हणजे पाय ना हो?"

"इथे चौथा भाग."

"आणि अक्षावर जे बिंदू, ते कुठल्या चरणात?"

"कुठल्याच नाही."

"मग ते कुणाचे?"

"कुणाचेच नाहीत, मिस्त्री," बाई हसून म्हणाल्या. "पण आलेखात त्यांच्याइतका उपयोग दुसऱ्या कुणाचा होत नाही."

ते सगळं मिस्त्री घोकत घरी जायचे. फळी तयार झाली. प्रत्येक रांगेत एकवीस भोकं, एकूण चारशे एक्केचाळीस. प्रत्येक भोकाची कड त्यांनी पॉलिश पेपरने घासली, भिंगरीच्या बोटाला कूस लागू नये म्हणून. खुंट्यांना माथे गोल केले. ज्या दिवशी त्यांनी ती फळी तिच्या मांडीवर ठेवली, त्या दिवशी ती बराच वेळ नुसती हात फिरवत राहिली.

"ही खाच एक्स अक्ष?"

"हो. आणि उभी वायची. मधली कडी..."

"आरंभबिंदू," दोघं एकदम म्हणाले.

मग रोज संध्याकाळी, कामावरून आले की हातपाय धुऊन मिस्त्री घराच्या ओट्यावर तिच्या शेजारी बसायचे. ते समीकरण वाचायचे, ती खुंट्या लावायची. "वाय बरोबर उणे एक्स अधिक चार. घे एक्स शून्य." "वाय चार." "घे एक." "तीन." खुंटी खट्कन बसायची. तिसरी खुंटी लागली की ती दोरा ताणून बांधायची आणि मिस्त्री बोटाने दोरा छेडून बघायचे. कधी नव्हे इतके ते तिच्याशी बोलले त्या दिवसांत. आपल्या लहानपणी शाळा कशी सुटली ते सांगितलं, पहिला जिना कसा वाकडा झाला होता ते सांगितलं. तीही तिरकी बसून, त्यांच्या कानाकडे बघत, सगळं ऐकून घ्यायची. त्या नजरेचा अर्थ आता त्यांना कळत होता. ती त्यांच्याकडेच बघत होती.

तरी एक गोष्ट त्यांच्या तोंडून निघत नव्हती. रोज ठरवायचे, आज तिला म्हणायचं, त्या रविवारी माझं चुकलं. रोज समीकरणं संपायची, आई जेवायला हाक मारायची, आणि ते राहून जायचं.

इकडे तिची नजर उतरत चालली होती. दिवाळीपर्यंत, नाताळपर्यंत असं सांगता येईल असं काही नव्हतं, पण हिवाळ्यात ती पुस्तक भिंगाने वाचत होती आणि उन्हाळा लागला तेव्हा भिंगानेही वाचता येईनासं झालं. वार्षिक परीक्षेला लेखनिक मिळाला. ती सांगणार, दुसरी मुलगी लिहिणार. आलेखाच्या प्रश्नाऐवजी तिला दुसरा प्रश्न देऊ, असं शाळेने कळवलं तेव्हा मिस्त्री भडकले. फळी घेऊन तडक बाईंकडे गेले.

"दुसरा प्रश्न कशाला? ती काढते आलेख. खुंट्या लावून काढते, एकसुद्धा चुकत नाही. तुम्ही येऊन बघा."

बाईंनी त्यांना बसवलं, पाणी दिलं.

"मिस्त्री, तिला फळी लागत नाही."

"म्हणजे?"

"ती मनात काढते. मी समीकरण सांगितलं की ती मला सांगते, रेषा अक्षांना कुठे कुठे छेदते, चढ किती, कुठल्या चरणातून जाते आणि कुठल्यातून जात नाही. मोठ्या वर्गातल्या मुलांना जमत नाही ते. चाचणीच्या वेळीही तिला सगळं येत होतं, कागदावर उतरत नव्हतं इतकंच."

"पण फळी तर ती रोज..."

"तुम्ही फळी आणलीत ना, त्याच आठवड्यात मी तिला म्हटलं होतं, बाबांना सांग की तुला याची गरज नाही, उगाच कष्ट करताहेत. ती म्हणाली, बाई, तुम्ही त्यांना काही सांगू नका."

मिस्त्री फळी मांडीवर घेऊन बसून राहिले. बाहेर मैदानात मुलं ओरडत होती.

घरी आले तेव्हा भिंगरी ओट्यावर बसून दोऱ्याचा गुंता सोडवत होती. ते शेजारी बसले.

"तुला लागत नव्हती ही फळी."

तिचे हात थांबले. "बाईंनी सांगितलं?"

"मग मला का नाही सांगितलंस? इतके दिवस मी खुळ्यासारखा एक्स घे, वाय घे करत बसलो."

"सांगितलं असतं तर तुम्ही आला नसता."

"कुठे?"

"इथे. माझ्याजवळ बसायला." ती दोरा बोटाला गुंडाळत, सोडत राहिली. "डॉक्टरांकडून आल्यावर तुम्ही चार दिवस माझ्याशी बोललाच नाहीत. मला वाटलं, माझा राग आलाय. मग फळी आली आणि तुम्ही रोज बोलायला लागलात. हळू आवाजात. मला वाटलं, फळी नको म्हटलं की हेही बंद होईल."

मिस्त्रींना काहीतरी बोलायचं होतं. त्यांनी तिचा हात धरला. तिनेच मग विषय बदलला, पहिल्या जिन्याची गोष्ट पुन्हा सांगा म्हणाली. त्यांनी ती सांगितली. मधेच आवाज फुटला तेव्हा लाकडाचा भुसा घशात गेला म्हणाले. त्या दिवशी त्यांनी करवतीला हातही लावलेला नव्हता, आणि ते तिला ठाऊक होतं.

परीक्षेत गणितात ती वर्गात पहिली आली. बोटांनी वाचायला शिकवणारी शाळा दुसऱ्या गावात होती, बसने सहा तास, तिथेच राहायचं. बाईंनीच पत्रं लिहून जागा मिळवली. आईने कपड्यांच्या आतल्या बाजूला वेगवेगळ्या आकाराचे शिवणीचे टाके घातले, कुठला कुठल्या रंगाचा ते कळावं म्हणून. भिंगरीने फळी बरोबर घेतली नाही. तिकडे जागा कमी असते, असं म्हणाली.

तीन महिन्यांनी भेटीचा दिवस आला. आईला ताप होता, त्यामुळे मिस्त्री एकटेच गेले. पहाटेच्या बसने निघून दुपारी पोचले. शाळेचं फाटक उघडं होतं, आत लांबलचक व्हरांडा, व्हरांड्याच्या कडेने हाताला लागेल असा दोर बांधलेला. ते व्हरांड्याच्या टोकाला, खांबाशेजारी उभे राहिले. घंटा झाली आणि मुली बाहेर आल्या.

भिंगरी दुसऱ्या एका मुलीचा हात धरून आली. थोडी उंच झाली होती. केस कापले होते. दोर न धरता, भरभर, नेहमीसारखी बडबडत चालली होती. ती त्यांच्या दिशेनेच येत होती. मिस्त्रींनी हात वर केला नाही. त्यांना वाटलं, आता बघेल, आता थांबेल. तिचं तोंड एकदा त्यांच्याकडे वळलंही. त्यांच्यावरून, खांबावरून, मागच्या झाडावरून तिची नजर सारखीच गेली. आणि ती त्यांच्यापासून हातभर अंतरावरून, तोंडात अर्धं वाक्य घेऊन, पुढे निघून गेली.

मिस्त्री खांबाला धरून तिच्या पाठीकडे बघत राहिले. ती व्हरांड्याच्या वळणापर्यंत गेली तेव्हा कुठे त्यांनी हाक मारली.

"भिंगरे!"

ती गर्रकन वळली आणि धावत आली. "बाबा! कधी आलात?"

"हे काय, आत्ताच येतोय."

ती थांबली. तिला काहीतरी कळलं असावं.

"तुम्ही इथेच उभे होतात का?"

"छे गं. फाटकातून आलो आणि तुझी पाठ दिसली."

"चालत असलात ना, की ओळखते मी. तुमचा उजवा खांदा हलतो तसा कुणाचाच हलत नाही. उभे असलात की नाही कळत." मग घाईघाईने म्हणाली, "पुढच्या वेळी जरा चालत राहा हं."

"चालत राहीन."

दोघं बाकावर बसली. तिने बोटांनी वाचून दाखवलं, अजून अडखळत होती. इथले गणिताचे सर म्हणतात, तू पुढे हाच विषय घे, असं सांगितलं. आईच्या तापाची चौकशी केली. मिस्त्री सगळ्याला हो हो म्हणत तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी तेव्हा ते बोलून टाकलं. मागचंपुढचं काही न सांगता.

"त्या रविवारी मी तुझा कागद फाडला. माझं चुकलं."

भिंगरीने मान तिरकी केली. ती त्यांच्या कानाच्या बाजूला बघत राहिली.

"मला माहितीये, बाबा," ती म्हणाली. "पण तिरक्या नजरेने का होईना, तुमचा चेहरा शेवटचा नीट दिसला तो त्याच दिवशी. कागद फाडायच्या आधी, तुम्ही दाराशी उजेडात आलात तेव्हा. नंतरचा आठवतच नाही. म्हणून तो दिवस मी विसरत नाही."

घंटा झाली. तिने त्यांच्या दोन्ही गालांवरून हात फिरवला, दाढी वाढली आहे म्हणाली, आणि मैत्रिणीला हाक मारत वर्गात गेली.

मिस्त्री रात्री उशिरा घरी पोचले. ताप उतरला होता, आई भिंतीला टेकून वाट बघत बसली होती.

"कशी आहे?"

"छान आहे. उंच झालीय. सर म्हणतात, गणितच घे."

"आणि हो," तिने जरा थांबून विचारलं, "ओळखलं का हो तिने तुम्हाला?"

"न ओळखायला काय झालं? लांबूनच ओळखलं," मिस्त्री म्हणाले. "धावत आली."

आईने डोळे मिटून सुटकेचा श्वास सोडला आणि ताट वाढायला उठली. मिस्त्री जेवायला बसले. पहिलाच घास तोंडात फिरत राहिला, तेव्हा वाटेत काहीतरी खाल्लं होतं म्हणाले, आणि ताटावरून उठून हात धुवायला मागच्या दारी गेले ते बराच वेळ आत आले नाहीत.